बेस्तरवारची भाकर

जि. प. प्राथमिक शाळा, हिवरदरा, ता. केज
८ जानेवारी २०२५

आदरणीय सरस्वतीबाई यांना,
सत्यशीलाचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी इथल्या शाळेची मुख्याध्यापिका, तीन वर्षांपासून. तुमचा पत्ता तुमचे भाचे भागवत यांनी दिला. मी फोन नंबर मागितला होता, तर ते म्हणाले, "मावशीला फोनवर काईच ऐकू येत न्हाई. पत्र टाका, उत्तर देती. चिडून दिलं तर मनावर घिऊ नका."

कारण असं की, आपल्या शाळेची जुनी दगडी इमारत निर्लेखित झाली आहे. म्हणजे कागदोपत्री ती आता इमारतच नाही. फेब्रुवारीअखेर ती पाडणार आणि तिथंच नव्या चार खोल्या बांधणार. पाडण्याआधी गावानं इमारतीच्या इतिहासाची एक पुस्तिका काढायचं ठरवलंय, आणि अशी कामं शेवटी कोणाच्या गळ्यात पडतात ते तुम्हाला माहीतच आहे.

शाळा समितीचे अध्यक्ष अंगदराव यांनी इतिहासाची सुरुवात मला सांगून टाकली: शाळा पावणेसातशे वर्षांची. दारावरच्या दगडावर १३५१ असं कोरलेलं आहे, तेवढा पुरावा त्यांना पुरेसा वाटतो. देणगीदारांची यादीही त्यांनी दिली. अकरा नावं, अकराही पुरुष. पहिलं नाव विजयसिंह देशमुखांच्या पणजोबांचं.

जुन्या रजिस्टरात मात्र मला एक नाव सापडलं. सरस्वती बबन, सातवी उत्तीर्ण, १९७४. तुमच्याआधी इथून एकही मुलगी सातवी झालेली नाही. तुम्हाला आठवत असेल ते लिहाल का? आणि २३ फेब्रुवारीच्या कार्यक्रमाला याल का?

आपली,
सत्यशीला

•

अंबाजोगाई
१४ जानेवारी २०२५

सत्यशीला मॅडम,

तिळगूळ घ्या, गोड बोला. माझ्याकडून फार गोड होणार नाही, पण सण आहे म्हणून सुरुवात तरी बरी केली.

आधी अंगदरावांना शांत करा. तो फसली सन आहे, निजामाच्या राज्यातला. त्यात पाचशे नव्वद मिळवले की १९४१ येतं. आणि तेव्हा ती शाळा नव्हतीच, देशमुखांच्या घोड्यांचा तबेला होता. निजाम गेला, घोडे गेले, मग तबेला शाळेला दिला. आम्ही बसायचो तिथं भिंतीत लोखंडी कड्या होत्या, घोडे बांधायच्या. राधाकिशन गुरुजी उनाड पोरांना म्हणायचे, "बांधू का रे?" आम्हाला ते खरंच वाटायचं.

आता माझं. आई-बाप दिवाळीनंतर ऊस तोडायला कोल्हापूरकडे जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. चौथीच्या वर्षी गुरुजींनी माझ्या बापाला सांगितलं, "बबन, पोरगी ठेवून जा." झोपायला मी गुरुजींच्या घरी. पण त्यांची स्वतःचीच सहा लेकरं, त्यामुळं जेवायला त्यांनी वार लावून दिले. सोमवारी त्यांच्याकडं, मंगळवारी सुताराकडं, असे सहा वार सहा घरी. गुरुवार राहिला.

त्यासाठी गुरुजी मला घेऊन देशमुखांच्या दारात गेले. गावातलं सगळ्यात मोठं घर. सून बाहेर आली, चंद्रभागाबाई. दारात उभी राहून म्हणाली, "आमच्या दारात वार नको. आज एक येईल, उद्या धा येत्याल." आणि दार लोटलं. मी नऊ वर्षांची होते. दाराला पितळी फुलं होती, अकरा. अजून आठवतात.

म्हणून कार्यक्रमाला बोलावू नका. देशमुखांच्या नावानं टाळ्या वाजवायला मला यायचं नाही. चौतीस वर्षं नर्स होते, कान गेले पण बाकी सगळं शाबूत आहे.

सरस्वती

•

हिवरदरा
२४ जानेवारी २०२५

आदरणीय मावशी (मावशी म्हटलं तर चालेल ना?),

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. अंगदराव दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हते. सहाशे वर्षं एका फटक्यात गेली म्हटल्यावर माणूस काय करणार!

आता तुम्हाला एक विचारायचं आहे. शाळेच्या मागच्या भिंतीला, बोळाच्या बाजूनं, एक कोनाडा आहे. त्यात दर गुरुवारी दुपारी एक भाकर असते. ज्वारीची, वर कारळाची चटणी, फडक्यात बांधलेली. मला आधी वाटलं, गुरुवार म्हणजे दत्ताचा वार, कुणाचा नवस असेल. नाहीतर कावळ्यासाठी असेल. मुलं म्हणतात, "म्हातारी ठिवती." काल मी मुद्दाम थांबून पाहिलं.

त्या चंद्रभागाबाई होत्या. सत्त्याऐंशीच्या आहेत, काठी टेकत येतात. मागून नातसून शिवकन्या चालत असते, पडतील म्हणून. भाकर ठेवून त्या घरी जातात आणि तासाभरानं परत बघायला येतात. भाकर तशीच दिसली की भिंतीला हात लावून उभ्या राहतात. काल मला म्हणाल्या, "बाई, पोरीनं भाकर कावून घेतली न्हाई? लई बेस्तरवार झाले. उपाशी आसंल की वो."

शिवकन्या सांगत होती, दोन वर्षांपासून आजींना बरंचसं आठवत नाही. नातवाचं नाव चुकतात, आत्ता चहा घेतला तेही विसरतात. पण गुरुवार चुकत नाहीत. अजून कॅलेंडर न बघता बरोबर उठतात आणि स्वतः भाकर थापतात. नातू विजयसिंह ओशाळतात. म्हणतात, "मॅडम, आजीचं मनावर घेऊ नका." पण मला एकच काळजी लागलीय. भिंत महिन्याभरात पडणार. मग या बाईंनी गुरुवारी जायचं कुठं?

ही पोरगी कोण असेल, तुम्हाला काही अंदाज आहे का? फडकं नेहमी एकच असतं. जुन्या साडीचं, मोरपंखी रंगाचं, रुईफुलाच्या काठाचं. धुऊन धुऊन विरलंय, पण काठ अजून छान आहे.

तुमची,
सत्यशीला

•

हिवरदरा
७ फेब्रुवारी २०२५

मावशी,

पंधरा दिवस झाले, तुमचं उत्तर नाही. माझ्या पत्रानं दुखावलं असेल तर माफ करा. देशमुखांचं नाव मी पुन्हा काढायला नको होतं.

पण मी एक चूक करून बसले आहे आणि ती तुम्हालाच सांगावीशी वाटते. ३० तारखेच्या गुरुवारी मला त्या म्हातारीचं बघवेना. ती भाकर मीच काढून घेतली आणि हंगामी वसतिगृहातल्या दोघी बहिणींना दिली. (आपल्याकडं आता ऊसतोडीला गेलेल्यांची एकोणीस लेकरं शाळेतच जेवतात. त्यांच्यासाठी वार लावावा लागत नाही, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं होतं.) फडकं धुतलं, वाळवलं, घडी घालून कोनाड्यात ठेवलं. म्हटलं, बघून आजी समाधानानं जातील.

त्यांनी फडकं उघडलं, उलटंपालटं केलं आणि रडायलाच लागल्या. "रिकामं हाय. माझी पोरगी रिकामं फडकं ठिवीत न्हाई. दुसऱ्या कुणीतरी नेली भाकर. तिच्या तोंडचा घास नेला."

तेव्हापासून त्या धड जेवत नाहीत. दोन घास खातात आणि ताट सारतात. म्हणतात, "ती जेवल्याबिगर मी कशी जेवू?" डॉक्टर येऊन सलाईन लावून गेले. शिवकन्या माझ्यापाशी येऊन रडली. विजयसिंह तुसडे वाटायचे मला, पण काल त्यांनी विचारलं, "मॅडम, ती पोरगी कोण ते रजिस्टरात सापडंल का?"

मी रजिस्टर पुन्हा काढलं. त्या काळात मुलीचं नाव एकच आहे, मावशी. तुमचं.

सत्यशीला

•

अंबाजोगाई
१० फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीला,

मी दुखावले नव्हते गं. मला लाज वाटत होती. पंधरा दिवस रोज कागद घेऊन बसत होते आणि उठत होते.

पहिल्या पत्रात मी तुला अर्धंच सांगितलं. पहिल्या गुरुवारी मधल्या सुट्टीत सगळी पोरं घरी जेवायला गेली. मी शाळेमागं बोळात जाऊन बसले, म्हणजे मला घर नाही हे कुणाला दिसायला नको. तिथं कोनाड्यात भाकर होती. मी इकडं तिकडं पाहिलं आणि खाल्ली. चोरीच वाटली ती मला. पुढच्या गुरुवारी पुन्हा होती. चार हंगाम, एकही गुरुवार चुकला नाही. बहात्तरच्या दुष्काळात सगळ्या गावानं सरकारी सुकडी खाल्ली, तेव्हाही कोनाड्यात अर्धी का होईना पण भाकर होती.

आई सांगून गेली होती, कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. कुणी काही पाठवलं तर त्यात चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. माझ्याकडं साखर कुठली? शाळेमागच्या चिंचेखाली चिंचोके पडलेले असायचे. त्यातले चार गुळगुळीत निवडायचे, धुवायचे, फडक्यात बांधून ठेवायचे. म्हणून तुझं रिकामं फडकं तिला पटलं नाही.

मला वाटायचं, ही भाकर गुरुजींच्या बायकोची, छबुकाकूची. दुसरं कोण देणार? एकदा विचारलं, तर म्हणाली, "खा गुमान. इचारू नगं." मग मला खात्रीच पटली. नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिला साडी घेतली. मोरपंखी, रुईफुलाच्या काठाची. पायावर घातली आणि म्हटलं, "काकू, ही गुरुवारच्या भाकरीची." काकू कितीतरी वेळ साडीवरून हात फिरवत बसली. मग म्हणाली, "जिची हाय तिला पोचती करते." मला वाटलं, देवीला नेसवणार असेल. आता गुरुजी नाहीत, काकूही नाही. विचारू कुणाला? पण तू फडक्याचा रंग लिहिलास, काठ लिहिलास, आणि मी खुर्चीत बसले ती उठलेच नाही.

आता सगळ्यात वाईट ऐक. सत्याण्णव साली चंद्रभागाबाई माझ्या वॉर्डात होती, दहा दिवस. मी तिला पाहताक्षणी ओळखलं. तिनंही मला ओळखलं असणार, नाव छातीवर लावलेलं होतं आणि तिला वाचता येत होतं. मी वेळेवर औषध दिलं, वेळेवर सुई दिली, एक शब्द जास्तीचा बोलले नाही. ती रोज दुपारी विचारायची, "पोरी, जेवलीस का?" दहाही दिवस विचारलं. मला वाटायचं, बघा, अजून देशमुखीण आहे, नोकरमाणसाची विचारपूस करते. दहाव्या दिवशी मी म्हटलं, "आमचं आम्ही बघतो. दुसऱ्याच्या दारात जायची वेळ आता नाही आमच्यावर." ती दुसऱ्या दिवशी घरी गेली.

तिनं दहा दिवस विचारलं, आणि मी असं उत्तर दिलं. एवढी वर्षं मी दार लोटल्याचा राग जपला. त्याच हातांनी दिलेलं खाऊन मी वाढले होते.

तू तरी माझ्यावर चिडू नकोस.

सरस्वतीमावशी

•

हिवरदरा
१४ फेब्रुवारी २०२५

मावशी,

मी कशाला चिडेन? पत्र वाचून मला वर्गात जाता येईना, मुलांना गोष्टीची पुस्तकं देऊन बाहेर येऊन बसले.

तुम्हाला न विचारता एक केलं. विजयसिंहांना बोलावून पत्राचा भाकरीचा भाग वाचून दाखवला. दवाखान्याचा भाग वाचला नाही. ते शाळेच्या पायरीवर खाली मान घालून बसले. मग म्हणाले, "आमच्या घरात कुणालाच म्हाईत न्हाई हे. आज्ज्याला बी न्हवतं." त्यांच्या ऐकण्यात एवढंच होतं की पणजोबा तापट होते. ते म्हणायचे, पोरगी शाळा सोडून आपल्या गोठ्यात शेणाला राहिली तर भाकर देऊ. शिकायला म्हणून देणार नाही.

आता घाईचं सांगते. मशीन शनिवारी, २२ तारखेला येणार आहे. पहिल्यांदा मागची भिंतच पाडणार, कारण ट्रॅक्टर बोळातून आत घ्यायचा आहे. त्याआधी एकच गुरुवार हातात आहे, २० तारीख. आजी फार खालावल्या आहेत, पण भाकर ठेवायला येणारच. म्हणून विचारते, मी भाकर काढून घेऊन फडक्यात चार चिंचोके ठेवू का? निदान एकदा तरी त्यांना वाटेल की पोरगी जेवली. चिंच अजून उभी आहे, झाडाखाली सडा पडलाय. पण तुमच्या परवानगीशिवाय हात लावणार नाही.

दुर्दैवानं २० तारखेला दुपारी मला केजला प्रशिक्षण आहे, टाळता येत नाही. ठेवायचे झाले तर शिवकन्या ठेवील.

तुमची,
सत्यशीला

•

अंबाजोगाई
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीला,

तू ठेवू नकोस, शिवकन्येलाही ठेवू देऊ नकोस. ती भाकर माझी आहे. मी येते.

कुणाला सांगू नकोस. हार नको, नारळ नको, फोटो तर मुळीच नको. शिवकन्येला तेवढं सांग, की चिंचेखाली एक म्हातारी बसलेली दिसली तर हाकलू नको.

सरस्वतीमावशी

•

अंबाजोगाई
२१ फेब्रुवारी २०२५

चि. सत्यशीला,
अनेक आशीर्वाद.

सकाळच्या एसटीनं युसूफ वडगावला उतरले, तिथून ऑटोनं आले. पन्नास वर्षांत गावात मी लग्न-मयतीपुरतीच आले, तीही आमच्या गल्लीपुरती. शाळा केवढीशी गं! मला ती गढीएवढी मोठी आठवत होती. आत जाऊन कड्या पाहिल्या. एकीला कुणीतरी दप्तर अडकवलं होतं.

कोनाडा मात्र होता तेवढाच आहे. पूर्वी टाचा उंचावून हात घालायचे, आता माझ्या खांद्याशी आला.

बाराच्या सुमाराला ती आली. मी चिंचेआड होते. एवढीशी झालीय. हाताला सलाईनची पट्टी. कोनाड्यात भाकर ठेवली, फडक्याची टोकं नीट खोचली, आणि मागं न बघता गेली. तेव्हाही ती अशीच जात असणार, कुणी बघायच्या आत. मला कधी तिची पाठसुद्धा दिसली नव्हती.

मग मी बोळात बसले, मातीत, लुगड्याचा विचार न करता. भाकर कडक होती, कडेला करपलेली. तिला आता तव्यावरचं दिसत नसेल. मी एक तुकडा ठेवला नाही. रडत खाल्ली, सांगायला लाज कसली. मग चिंचेखालचे चार चिंचोके निवडले, नळावर धुतले, फडक्यात बांधून कोनाड्यात ठेवले आणि बाजूला उभी राहिले. लपले नाही.

तासाभरानं ती आली. फडक्याला हात लावला. गाठ सोडली. चिंचोके तळहातावर घेतले, एकेक अंगठ्यानं चाचपला आणि शिवकन्येकडं वळून इतकी हसली! "बघ गं. आली. जेवली माझी पोरगी." चारही चिंचोके पदराला बांधले. मग भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "मामंजी वट्ट्यावर बसल्याले व्हते गं तवा. त्यांच्या म्होरं हो कशी म्हनू? म्हनून दार लोटलं. पोरीला राग आला आसंल."

तेवढ्यात तिचं माझ्याकडं लक्ष गेलं. मला वर-खाली बघितलं. ओळखलं का नाही, मला ठाऊक नाही. डोळे निवळ होते, पण त्यात नाव दिसत नव्हतं. आणि मग तिनं विचारलं.

"पोरी, जेवलीस का?"

मला कमी ऐकू येतं, सत्यशीला. पण हे ऐकू आलं. पोट भरलेलं होतं, ओठाला चटणी लागलेली होती. मी म्हटलं, "न्हाई मावशी. जेवले न्हाई."

"मग हितं कावून हुबी? चल घरी."

तिनं माझा हात धरला आणि मी गेले. घर आता स्लॅबचं आहे. जुनं दार त्यांनी तेवढं तसंच बसवलंय, पितळी फुलं दहाच उरलीत. त्याच दारातून मला आत नेलं, पाटावर बसवलं. शिवकन्येनं दोन ताटं वाढली. मी जेवते की नाही हे बघता बघता तीही जेवली, दीड भाकर आणि वाटीभर वरण. विजयसिंह दारात उभा राहून बघत होता, आत आला नाही. निघताना माझ्या पाया पडला. मी म्हटलं, "अरे, आधी आजीच्या पड." तर म्हणाला, "त्यांच्या पडूनच आलो."

दवाखान्यातल्या त्या उत्तराबद्दल तिची माफी मागायची होती. मागितली. तिला त्यातलं काही कळलं नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाली, "आजून वाढू का?"

आता तुझ्या पुस्तिकेचं. फसली सन नीट लिही, तबेला लिही, गुरुजींचं लिही, छबुकाकूचं नाव विसरू नकोस. देणगीदारांत विजयसिंहाच्या पणजोबांचं नाव राहू दे, जागा त्यांनीच दिली होती. पण त्या अकरा नावांखाली बारावं घाल. 'चंद्रभागाबाई देशमुख, दर बेस्तरवारी एक भाकर.' अंगदरावांनी पुरावा मागितला तर मला हाक मार. मी बासष्ट किलोंचा पुरावा आहे.

कोनाड्याची काळजी करू नकोस. उद्या मशीन येईल, भिंत पडेल, पडू दे. येताना तिनं मला वाटेसाठी भाकर बांधून दिली, त्याच मोरपंखी फडक्यात. माझ्या हातात देताना म्हणाली, "फडकं तेवढं आनून दे." आता ते मी धुऊन दोरीवर वाळत घातलंय. रिकामं कसं नेऊ? पुढच्या बेस्तरवारी मला त्या दारात जेवायला जायचं आहे. तेवढे शाळेतल्या पोरांना सांगून चार चिंचोके राखून ठेव. गुळगुळीत बघून.

तुझी,
सरस्वतीमावशी